सर्व्हर चालू आहे, पण सुरू होत नाही
ठाणे परिसरातल्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक. सर्व्हरशेजारी भिंतीला चिकटवून ठेवा.

फोन बहुतेक असाच येतो: "अहो, सर्व्हर चालू आहे, दिवे लागलेत, पंखा फिरतोय, पण कुणाच्याच कॉम्प्युटरवर फोल्डर उघडत नाहीये." पावसाळ्यात हा फोन सोमवारी सकाळी येतो. वागळे इस्टेटमधल्या ज्या युनिटना शुक्रवारची सुट्टी असते, त्यांचा शनिवारी. मॉनिटर जोडून बघावा तर काळा पडदा आणि वरच्या कोपऱ्यात इंग्रजीच्या दोन ओळी. पोटात गोळा येतो, कबूल. पण तुमच्या फाइली बहुतेक वेळा डिस्कवर जागच्या जागी असतात. लिनक्सला, म्हणजे सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमला, उठवणारा छोटा प्रोग्रॅम, बूटलोडर, तेवढा अडखळलेला असतो.

म्हणून एकच कडक विनंती. कुणीही काहीही सांगो, नव्याने इन्स्टॉल करायला बसू नका. गोखले रोडवरच्या एका सीएंच्या ऑफिसात आर्टिकलशिपच्या मुलाने उत्साहाच्या भरात इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह लावला आणि 'इरेज डिस्क'वर क्लिक केलं. मूळ दुखणं अर्ध्या तासाचं होतं. बॅकअपवरून फाइली परत आणण्यात दोन दिवस गेले, तेही जीएसटीच्या वीस तारखेच्या तोंडावर.

बटण दाबल्यावर काय होतं

आधी मदरबोर्डवर साठवलेला पहिला प्रोग्रॅम जागा होतो: जुन्या मशीनवर बायोस, नव्यावर यूईएफआय. तो डिस्कवरच्या बूटलोडरला हाक मारतो. आपल्या सगळ्या सर्व्हरवर हा बूटलोडर म्हणजे ग्रब. ग्रब लिनक्सचा कर्नल (म्हणजे गाभा) आणि त्याला सुरुवातीला लागणारं सामान असलेली इनिटरॅमएफएस नावाची फाइल मेमरीत चढवतो आणि बाजूला होतो. जुन्या बायोस पद्धतीत डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांत सगळा खेळ असतो. त्यातले ६४ बाइट पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कवरच्या कप्प्यांच्या, तक्त्याला आणि २ बाइट खुणेला जातात, प्रोग्रॅमसाठी उरतात ४४६. युनिकोड देवनागरीची दीडशे अक्षरंही तेवढ्यात मावणार नाहीत. साहजिकच तिथे फक्त "पुढचा भाग अमुक ठिकाणी आहे" एवढा निरोप बसतो, आणि तो पत्ता बदलला की गाडी अडते. नव्या यूईएफआय पद्धतीत ग्रब 'फॅट' प्रकारच्या एका छोट्या पार्टिशनमध्ये राहतो आणि त्याची नोंद मदरबोर्डच्या मेमरीत असते. ती नोंद पुसली गेली तर डिस्क ठणठणीत असूनही सापडत नाही.

यात एक गोम आहे, आणि या पत्रकाचं निम्मं कारण तीच. बिघाड होतो एका दिवशी आणि दिसतो भलत्याच दिवशी. मे महिन्यात अपडेट चालू असताना कुणीतरी प्लग काढला, इनिटरॅमएफएस अर्धवट तयार झाली, आणि जुना कर्नल मेमरीत असल्यामुळे सर्व्हर पुढे अडीच महिने मजेत चालला. जुलैत लाइट गेली, यूपीएस संपला, आणि मग दोष बिचाऱ्या लाइटवर आला. आम्ही तीन महिन्यांतून एकदा, वेळ ठरवून रीस्टार्ट करायला सांगतो ते याचसाठी. काही ग्राहक म्हणतात, "चालतंय ते कशाला बंद करायचं?" तर कुठे अडतंय ते आम्ही समोर असताना कळावं म्हणून.

पडद्यावर काय दिसतंय

'नो बूटेबल डिव्हाइस'. आधी सर्व्हरला लावलेले पेनड्राइव्ह आणि बाहेरच्या डिस्क काढा, मग रीस्टार्ट करा. बॅकअपची यूएसबी डिस्क लावून ठेवलेली असते आणि मशीन तिच्यातच बूटलोडर शोधत बसतं. तरी तेच दिसलं तर बायोसमधली तारीख पाहा. ती काही वर्षं मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, संपलाय. सेल संपला आणि लाइटही गेली की बायोसच्या सेटिंग मूळपदावर जातात: कुठली डिस्क आधी, जुनी पद्धत की यूईएफआय, सगळंच. किरकोळ किमतीच्या सेलपायी अख्खं ऑफिस बसून राहिलेलं आम्ही पाहिलं आहे.

नुसताच मेनू दिसतोय, वर उबुंटूचं (लिनक्सच्या एका प्रकाराचं) नाव. हे दुखणंच नव्हे. आधीचा बूट धड पूर्ण झाला नसेल तर उबुंटूचा ग्रब मेनू दाखवून थांबतो. आताच्या आवृत्त्या ३० सेकंदांनी स्वतः पुढे जातात, काही जुन्या मात्र कुणी एंटर दाबेपर्यंत तशाच उभ्या राहतात. टेबलाखालच्या सर्व्हरला ना मॉनिटर ना कीबोर्ड, मग दाबणार कोण? एंटर दाबा. पुन्हा असं होऊ नये म्हणून एक सेटिंग बदलावी लागते, ती आम्ही दुरूनही करतो.

'ग्रब रेस्क्यू'. ग्रबचा पहिला तुकडा जागा झाला, पण बाकीचा कुठे आहे ते त्याला सापडेना. पार्टिशन हलवलं, डिस्क बदलली किंवा डिस्कच आजारी पडली की असं होतं. या ठिकाणी मोजक्याच आज्ञा चालतात. कुठली पार्टिशन दिसताहेत ते विचारायचं, त्यांतल्या कुठल्यात ग्रबचं फोल्डर आहे ते शोधायचं, तो पत्ता द्यायचा आणि 'नॉर्मल' मॉड्यूल चढवायचं. मेनू येतो, सर्व्हर उठतो, सगळे हुश्श करतात. पण ही सोय त्या एका वेळेपुरती. ग्रब नीट बसवून घेतला नाही तर पुढच्या रीस्टार्टला पुन्हा हाच पडदा.

'कर्नल पॅनिक', आणि त्याच ओळीत रूट फाइलसिस्टिम माउंट होत नसल्याची, म्हणजे सिस्टिमचं मुख्य पार्टिशन जोडलं जात नसल्याची, तक्रार. हे तुम्ही स्वतः तात्पुरतं सोडवू शकता. रीस्टार्ट करा, मेनूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' निवडा, वरून दुसऱ्या नंबरचा, म्हणजे जुना कर्नल घ्या. (नावात 'रिकव्हरी मोड' असलेला नको.) कारण बहुधा बूटचं पार्टिशन तुडुंब भरण्याचं असतं. जुन्या सर्व्हरवर ते जेमतेम ५०० एमबीचं असतं आणि प्रत्येक नवा कर्नल त्यात भर घालतो. जागा संपली की नव्याची फाइल अर्धीच लिहिली जाते. त्या पार्टिशनमधल्या फाइली हाताने मात्र उडवू नका.

'इमर्जन्सी मोड'. इथे बूटलोडरने आपलं काम केलेलं असतं. नेहमीचा प्रकार असा: बॅकअपची डिस्क साहेबांनी घरी नेली, सर्व्हर सुरू होताना तिची दीड मिनिट वाट पाहतो आणि मग रुसून बसतो. डिस्क परत लावा, रीस्टार्ट करा आणि आम्हाला कळवा. "ही डिस्क नसली तरी चालेल" असं त्याला एका शब्दात सांगून ठेवता येतं.

दोन डिस्क आहेत म्हणून निर्धास्त असाल तर

दोन डिस्कच्या या जोडणीला रेड वन म्हणतात, म्हणजे दोन्ही डिस्कवर तोच डेटा. पण जुन्या पद्धतीत ग्रब दोन्हींवर वेगवेगळा बसवावा लागतो, आणि यूईएफआयचं छोटं पार्टिशन सहसा रेडच्या बाहेरच राहतं. बसवणाऱ्याने हे केलं नसेल तर पहिली डिस्क गेल्यावर दुसरीवर सगळा डेटा सुखरूप, आणि सर्व्हर मात्र उठत नाही. रोड नंबर १६ वरच्या एका प्रिंटिंग प्रेसमध्ये आम्ही हे पाहिलं, तेव्हापासून नवा सर्व्हर देताना मालकांच्या देखत आधी एक डिस्क काढून चालू करून दाखवतो, मग दुसरी.

आम्ही आल्यावर

पेनड्राइव्हवरून वेगळं लिनक्स चालू करतो आणि आधी डिस्कची तब्येत तपासतो. ती खराब निघाली तर तिच्यावर एक अक्षरही लिहीत नाही. पहिल्यांदा पूर्ण नक्कल, मग पुढचं. डिस्क ठीक असेल तर तुमची पार्टिशन जोडून त्याच सिस्टिममध्ये शिरतो, ग्रब बसवतो, मेनू नव्याने बनवतो, दोनदा रीस्टार्ट करतो. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर मात्र आमची वाट न पाहता मशीन बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका.

संध्याकाळी घोडबंदर रोडची गर्दी तुम्हाला ठाऊक आहेच. बिलावरच्या नंबरवर पडद्याचा फोटो व्हॉट्सॲप केलात तर निम्मं काम फोनवरच होतं. फोटो समोरून, फ्लॅश बंद ठेवून आणि पूर्ण पडद्याचा काढा. शेवटचीच ओळ कापलेली असते आणि नेमकी तीच हवी असते. आदल्या दिवशी काय हललं, कुणी काय जोडलं, लाइट किती वाजता गेली, हेही लिहा. आणि एक जुना मॉनिटर व वायरचा कीबोर्ड सर्व्हरजवळ ठेवा. ब्लूटूथचा नको, ग्रबच्या मेनूत तो चालत नाही.