परदेशी छोट्या रेल्वेगाड्या आणि त्या विकणारी छोटी दुकानं : मागची गोष्ट

आज अमेरिकेतल्या किंवा ब्रिटनमधल्या एखाद्या छोट्या हॉबी शॉपमध्ये काटो या जपानी कंपनीच्या एन गेजच्या, म्हणजे ९ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर धावणाऱ्या, छोट्या मॉडेल गाड्या काचेच्या कपाटात मांडलेल्या दिसतात आणि त्यात कुणाला काही नवल वाटत नाही. पण मालक एकटा किंवा फार तर घरच्या दोघातिघांना घेऊन चालवतो अशा दुकानात समुद्रापलीकडच्या कारखान्यातली गाडी येणं, आणि नुसती गाडी नाही तर तिचे रूळ, सुटे भाग, दुरुस्ती सगळं तिथेच मिळणं, हे व्हायला खूप काळ जावा लागला. मला विचाराल तर परदेशी गाडी परक्या देशात टिकली ती कंपनीच्या कॅटलॉगमुळे कमी आणि या दुकानदारांमुळे जास्त.

सुरुवात जर्मनीपासूनच करावी लागते. ग्योपिंगेन गावात थिओडोर मेर्कलिन नावाच्या पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराने १८५९ मध्ये बाहुलीघरातली छोटी भांडीकुंडी बनवायला घेतली. १८६६ मध्ये तो गेला, पण त्याची बायको कॅरोलीन हिने धंदा मोडला नाही, उलट नमुने घेऊन ती स्वतः ठिकठिकाणच्या दुकानांत फिरायची, त्या काळात एका बाईने असं फिरतीवर जाऊन माल विकणं ही साधी गोष्ट नव्हती. पुढे १८९१ ला लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत मेर्कलिनने चावीवर चालणारी गाडी मांडली, इंग्रजी आठच्या आकाराच्या रुळांवर, आणि त्याबरोबर रुळांच्या ठराविक रुंदीची पद्धतही आणली. लोकांना गाडी दिसली, पण धंद्याच्या दृष्टीने खरी गोष्ट होती ती रुंदी. कारण आता या वर्षी इंजिन घेतलं, पुढच्या ख्रिसमसला दोन डबे, त्याच्या पुढच्याला रूळ बदलायचे सांधे आणि स्टेशन, असं चालू झालं, आणि दुकानदाराला एकदा विकून मोकळं होता येईना, तेच गिऱ्हाईक वर्षानुवर्षं परत येणार आणि जुन्याला नवीन जुळलंच पाहिजे म्हणणार. छोट्या दुकानाचं पोट भरतं ते असल्याच गिऱ्हाइकावर.

ब्रिटनमध्ये हा माल आधीपासून येतच होता. १८८७ च्या तिथल्या कायद्याने परदेशी मालावर देशाचं नाव टाकणं भाग पडलं, म्हणून त्या काळच्या खेळण्यांवर 'मेड इन जर्मनी' दिसतं. पण आलेली गाडी जर्मन वळणाची असायची, आणि इंग्रज माणसाला रोज बघतो तीच गाडी हवी होती. इथे नॉर्थॅम्प्टनचा बॅसेट-लोक येतो. त्याने १८९९ मध्ये टपालाने माल विकायला सुरुवात केली होती, १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात न्युरेंबर्गच्या बिंग कंपनीचं काम बघितलं आणि मग त्यांच्याकडून ब्रिटिश नमुन्याच्या गाड्या बनवून घ्यायला लागला. डिझाइन इंग्लंडमध्ये हेन्री ग्रीनली करायचा, पत्रा जर्मनीत कापला जायचा, आणि विक्री परत इंग्लंडमध्ये. लंडनच्या हाय होबर्नला त्याचं दुकानही निघालं. म्हणजे विकणाऱ्याने बनवणाऱ्याला सांगायचं की आमच्या गिऱ्हाइकाला काय पाहिजे, ही पद्धत शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे, आजचे इंपोर्टर तेच करतात.

पहिल्या महायुद्धाने हे सगळं तुटलं. जर्मन माल बंद झाला, न्युरेंबर्गला खेळणी बनवणारा कॅरेट हा फ्रेंच नागरिक असल्यामुळे त्याला जर्मनी सोडावी लागली आणि त्याची कंपनी १९१७ मध्ये बंदच पडली. त्या रिकाम्या जागेत १९२० ला लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने स्वतःची गाडी उतरवली. नंतर १९३५ च्या सुमारास मेर्कलिन आणि ट्रिक्स या दोन जर्मन कंपन्यांनी टेबलावर मावेल असा छोटा आकार आणला, आणि हे सगळं रंगात आलं असताना दुसरं महायुद्ध. स्टेफान बिंग, जो ट्रिक्सच्या मागे होता, तो ज्यू होता, त्याला कंपनी विकून इंग्लंड गाठावं लागलं. या छंदाच्या इतिहासात असल्या गोष्टी जागोजागी आहेत आणि त्या वाचताना वाईट वाटतं.

युद्धानंतर जपान येतो, आणि तो आधी प्लॅस्टिक घेऊन नाही तर पितळ घेऊन येतो. अमेरिकन सैनिक तिथे तैनात होते, त्यांच्यात रेल्वेचे शौकीन होते, टोकियोच्या गिन्झा भागात तेनशोदो नावाचं दुकान होतं जिथे मॉडेलं मिळायची. जपानी कारागीर हाताने डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, पितळेची इंजिनं जोडायचे, अमेरिकन इंजिनांचे ड्रॉइंग आणि फोटो समोर ठेवून, जे इंजिन त्यांनी आयुष्यात कधी बघितलेलं नाही. १९५० च्या दशकात पॅसिफिक फास्ट मेलसारखे इंपोर्टर ही मॉडेलं अमेरिकेत आणायला लागले. तेव्हा एका डॉलरला ३६० येन हा दर बांधलेला होता, त्यामुळे एवढं हाताचं काम असूनही किंमत अमेरिकन माणसाच्या आवाक्यात राहायची.

आणि बघा, पितळी इंजिन बहुतेक वेळा रंग न देता यायचं. म्हणजे घेणाऱ्याने ते उघडायचं, साफ करायचं, रंगवायचं, अक्षरं चिकटवायची, आणि गिअर आवाज करत असतील तर ते पण बघायचं. हे सगळ्यांना कुठून जमणार? मग दुकानदारच सांगायचा की रंगवणारा माणूस कोण, मोटार कुठली बसेल, कुठल्या बॅचचं इंजिन घेऊ नकोस. परदेशातून आलेल्या बॉक्सला खरा अर्थ काउंटरच्या या बाजूला मिळायचा. पुढे जपानमधली मजुरी वाढली, येन वधारला, आणि पितळेचं काम कोरियाकडे गेलं.

आता एन गेज. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला न्युरेंबर्गच्या आर्नोल्ड कंपनीने ९ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरची गाडी आणली आणि तिचा रॅपिडो कपलर, म्हणजे डबे जोडायचा आकडा, हळूहळू बाकीच्यांनीही घेतला, त्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांचे डबे एकमेकांना जोडता यायला लागले. (मेर्कलिन १९७२ मध्ये त्याहून खाली उतरली, झेड गेज, १:२२० प्रमाण म्हणजे खऱ्या गाडीच्या दोनशेविसाव्या भागाएवढं मॉडेल, ६.५ मिलिमीटरचे रूळ. सुंदर आहे, पण त्याची दुकानं कायमच मोजकी राहिली.)

काटोची मूळ कंपनी सेकिसुई किन्झोकु, १९५७ मध्ये टोकियोत सुरू झाली. आधी ते मॉडेलांचे छोटे भाग बनवायचे, मग १९६५ मध्ये सी५० हे वाफेचं इंजिन एन गेजमध्ये काढलं, जपानमधली ही पहिली मोठ्या प्रमाणावर बनलेली एन गेज गाडी. अमेरिकन गिऱ्हाइकाला मात्र काटो हे नाव बरीच वर्षं माहीतच नव्हतं, कारण माल दुसऱ्यांच्या बॉक्समधून यायचा. कॉन-कॉर या अमेरिकन कंपनीने विकलेलं एन गेजचं पीए-१ डिझेल इंजिन काटोने बनवलेलं, दुसऱ्या अमेरिकन कंपनीची, अ‍ॅटलासची १९८० च्या दशकातली बरीच इंजिनं काटोच्या कारखान्यातली. बॉक्सवर नाव अमेरिकन, आत मेकॅनिझम जपानी. आणि हे हळूहळू बाहेर फुटलं ते कुठून, तर दुकानातूनच. दुरुस्तीसाठी इंजिन उघडणाऱ्या माणसाला कळायचंच ना की ही मोटार, हे फ्लायव्हील (गाडी झटका न देता चालावी म्हणून मोटारीला लावलेलं जड चाक), हे शांत चालणं कुणाचं आहे, तो गिऱ्हाइकाला सांगायचा, गिऱ्हाईक पुढच्याला सांगायचा. १९८६ मध्ये काटो यूएसए ही कंपनी शिकागोजवळच्या शॉमबर्गला निघाली आणि मग स्वतःच्या नावाने माल दुकानांत यायला लागला. गंमत म्हणजे ही वेळ सोपी नव्हती, डॉलरचा भाव उतरवण्यासाठी मोठ्या देशांनी सप्टेंबर १९८५ मध्ये केलेल्या प्लाझा करारानंतर डॉलरला २४० च्या आसपास असलेला येन १९८८ पर्यंत १२५-१३० वर आला होता, म्हणजे जपानी माल डॉलरमध्ये जवळजवळ दुप्पट महाग. तरी काटो टिकली.

का टिकली याचं एक कारण दुकानात उभं राहिल्यावर कळतं, ते म्हणजे तिचे युनिट्रॅक रूळ. खालची खडी रुळालाच घट्ट जोडलेली येते, टोकाला प्लॅस्टिकची क्लिप आणि त्यात धातूचा सांधा, दोन तुकडे सरकवले की टक्क करून बसतात आणि वीजही पुढे जाते. मापं बघा: सरळ तुकडा २४८ मिलिमीटर, त्याचा निम्मा १२४, मग १८६, आणि सगळ्यात मुळाशी ६२, सगळं ६२ च्या पटीत. वळणांच्या त्रिज्या २८२, ३१५, ३४८, प्रत्येकात ३३ चा फरक, कारण दोन समांतर मार्गांमधलं अंतर ३३ धरलंय. त्यामुळे दुकानदार काउंटरवरच पाच मिनिटांत गोल मांडतो, आत दुसरा गोल मांडतो, गाडी सोडतो, आणि बघणाऱ्याला सुतारकाम, खिळे, वायरिंग यातलं काही न करता घरी जाऊन तेच करता येतं. नवीन माणूस या छंदात येतो तो इथे. शिवाय अर्ध्या वर्षाने त्याला अजून चार तुकडे लागतात आणि ते सुटे मिळतात. मेर्कलिनने १८९१ ला जे केलं तेच हे, फक्त फार जास्त नीट.

पण परदेशी माल म्हटलं की जुळण्याचा गोंधळ येतोच आणि दुकानदार नसेल तर त्यात माणूस हमखास फसतो. मेर्कलिनचा एच-ओ या एनपेक्षा मोठ्या आकारातला संच मधल्या तिसऱ्या संपर्कावर आणि एसी करंटवर चालणारा, बाकी बहुतेकांचा दोन रुळांवर डीसी, दोघांचे रूळ १६.५ मिलिमीटरचेच, म्हणजे वरून बघून कळणारच नाही. एन गेजचे रूळ सगळीकडे ९ मिलिमीटर, पण अमेरिका आणि युरोपची मॉडेलं १:१६०, ब्रिटनची १:१४८, जपानची साधारण १:१५०, आणि त्यात परत शिंकान्सेन, म्हणजे तिथली बुलेट ट्रेन, १:१६०. ब्रिटिश स्टेशनाशेजारी जर्मन गाडी उभी केली की लहान दिसते आणि घेणाऱ्याला वाटतं आपलं काय चुकलं. चुकलेलं काही नसतं, फक्त घ्यायच्या आधी कुणीतरी सांगायला हवं असतं. काटोने पुढे ब्रिटिश क्लास ८०० ही गाडी १:१४८ मध्येच काढली, ते फार बरं केलं. मूळ गाडीही हिताची या जपानी कंपनीचीच आहे, त्यामुळे ते जुळूनही आलं. ब्रिटनमध्ये हा माल दुकानांपर्यंत पोचवायचं काम गॉजमास्टरसारखे डिस्ट्रिब्युटर करतात.

यानंतरचा बदल चीनचा, आणि दुकानांना सगळ्यात जास्त हलवलं ते यानेच. हाँगकाँगच्या काडर या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने १९८७ मध्ये अमेरिकेची मॉडेल रेल्वे कंपनी बाखमन घेतली. हॉर्नबीने १९९० च्या दशकाच्या दुसऱ्या अर्ध्यात इंग्लंडमधल्या मार्गेटचं उत्पादन चीनला नेलं. मॉडेलं एकदम सुधारली, बारीक कठडे, छापलेली बारीक अक्षरं, कारण हाताचं जोडकाम परत परवडायला लागलं. पण कारखाना दुसऱ्याचा, त्याच्याकडे रांग, आपला नंबर लागला की एक बॅच काढायची आणि साचा बाजूला ठेवायचा. बऱ्याच ब्रँडची मॉडेलं बनवणारी सांडा कान कंपनी २००८-०९ च्या सुमारास काडरने विकत घेतली तेव्हा कितीतरी ब्रँडचं वेळापत्रक कोलमडलं. मेर्कलिन तर फेब्रुवारी २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली, पुढे २०१३ ला सिम्बा-डिकी या खेळण्यांच्या समूहाने घेतली.

बॅचची पद्धत आली तसं दुकानाचं शेल्फ बदललं. पूर्वी दुकानदार वर्षभराचा माल भरायचा, एखादं इंजिन दोन वर्षं कपाटात राहायचं आणि एक दिवस नेमका त्याचाच शोध घेत कुणी यायचं. आता कंपनी मॉडेल जाहीर करते, अमुक तारखेपर्यंत ऑर्डर द्या म्हणते, त्यावर बॅच किती काढायची ते ठरतं, आणि माल यायला कधी वर्ष कधी दीड वर्ष. दुकानदाराने कमी मागवलं तर परत मिळत नाही, जास्त मागवलं तर पैसे अडकतात, आणि गिऱ्हाईक तोवर दुसरीकडे स्वस्तात नोंदवून मोकळं झालेलं असतं. मला यात दुकानदाराचीच बाजू बरोबर वाटते, धोका त्याचा आणि फायदा सगळ्यात कमी त्यालाच. काटो अजून जपानमध्ये स्वतःच्या कारखान्यात बनवते आणि चालणारी मॉडेलं पुन्हा पुन्हा काढते, रूळ तर कायम मिळतात, म्हणून छोटी दुकानं हा ब्रँड सोडत नाहीत.

मोठ्यांनाही हे झेपलं असं नाही. डेन्व्हरचं कबूस हॉबीज १९३८ पासूनचं, केवढं तरी मोठं दुकान, २०१६ ला बंद झालं (नंतर जवळच लेकवुडला नव्या मालकांनी ते नाव पुढे चालवलं). इंग्लंडमधलं हॅटन्स १९४६ पासूनचं, त्यांनी जानेवारी २०२४ मध्ये धंदा आवरत असल्याचं जाहीर केलं. हॉर्नबीने २०२२ मध्ये टीटी:१२० हा नवा आकार आणला तेव्हा सुरुवातीला तो फक्त स्वतःकडूनच विकला, दुकानांना दिलाच नाही, आणि दुकानदारांना ते लागलं यात काहीच चूक नाही.

त्यात अमेरिकेने २०१६ मध्ये परदेशातून येणाऱ्या पार्सलची करमुक्त मर्यादा २०० वरून ८०० डॉलर केली होती, त्यामुळे टोकियोतून थेट घरी संच मागवणं एकदम सोपं झालं, जपानी बाजारासाठी काढलेल्या गाड्या तर लोक तिथूनच घ्यायचे आणि रूळ तेवढे गावातल्या दुकानातून. ही सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांसाठी बंद झाली. आता घरी येणाऱ्या बॉक्सवरही शुल्क आहे आणि दुकानदाराच्या पेटीवरही, पण दुकानदार ते इंपोर्टरच्या एकगठ्ठा मालातून भरतो, कागदपत्रं त्याने करायची नसतात, आणि रुळाचा एखादा सांधा खराब निघाला तर तो मागच्या ड्रॉवरमधून काढून हातात देतो.