पाच मिनिटांच्या येरझाऱ्या

ऐरोलीतील माझ्या बहिणीच्या घरात हॉलच्या खिडकीपासून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत सलग आठ पावले चालता येते, नवव्या पावलाला वळावे लागते. तिची मुलगी सहा आठवड्यांची असताना मी तिच्याकडे चार रात्री राहिलो आणि प्रत्येक रात्री ही आठ पावले शेकडो वेळा मोजली. बाळ दोनच्या सुमारास उठे, दूध पिई आणि पोट भरल्यावरही रडत राही. बहीण तिला खांद्यावर टाकून पाठीवर थोपटत फेऱ्या मारी, ती दमली की मेहुणे घेत, आणि मेहुण्यांना सकाळी ठाण्याची लोकल पकडायची असल्यामुळे तिसरी पाळी माझी असे. बाळंतपणासाठी आलेली आई आतल्या खोलीतून बजावी, "हाताची सवय लावू नका रे तिला, मग खाली म्हणून टेकणार नाही." त्यावर बहिणीचे उत्तर ठरलेले असे, "आई, रडतेय गं ती."

या दोन वाक्यांमध्ये एक जुना वाद आहे आणि गेल्या काही दशकांत त्यावर बरेच संशोधन झाले आहे. मूल शांत व्हावे, त्याला बरे वाटावे, यासाठी आईवडील मध्यरात्री का चालत राहतात आणि चालण्याने मूल खरोखर का शांत होते, हे आज बऱ्याच नेमकेपणाने सांगता येते.

आधी रडण्याविषयी. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्राझेल्टन यांनी 1962 मध्ये 80 निरोगी बाळांच्या रडण्याच्या रोजच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. रडणे जन्मानंतर वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या आसपास शिखर गाठते आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत बरेच उतरते, असे त्यांना आढळले. शिखराच्या काळात ही निरोगी बाळे दिवसाकाठी साधारण पावणेतीन तास रडत होती. पुढे इतर देशांत झालेल्या अभ्यासांत तासांचा आकडा कमीजास्त आला, पण चढ-उताराची ही रेषा पुन्हा पुन्हा दिसली. पहिल्यांदाच आईबाप झालेल्यांना हे कोणीतरी आधी सांगायला हवे, असे मला मनापासून वाटते. माझ्या बहिणीला ते कोणी सांगितले नव्हते. आपले दूध पुरत नाही, आपलेच काहीतरी चुकते आहे, असे मानून ती त्या आठवड्यात रडत होती.

जपानमधील रिकेन या संशोधन संस्थेत कुमी कुरोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये सहा महिन्यांपर्यंतच्या बाळांवर एक साधा प्रयोग केला. आई बाळाला घेऊन नुसती बसली असताना आणि तसेच घेऊन चालू लागल्यावर बाळाच्या हृदयाचे ठोके, हालचाल आणि रडणे यांत काय फरक पडतो, हे त्यांनी मोजले. आई चालू लागताच काही सेकंदांत बाळाची वळवळ थांबे, रडणे कमी होई आणि हृदयाचे ठोके मंदावत. ठोके मंदावतात याचा अर्थ बाळाचे लक्ष केवळ दुसरीकडे वळलेले नसते, तर शरीराला विसाव्याकडे नेणारी स्वायत्त मज्जासंस्थेची शाखा खरोखर कामाला लागलेली असते. मांडीवर स्थिर बसून कुशीत घेतल्याने हा परिणाम तेवढा दिसला नाही.

याच गटाने हा प्रयोग उंदरांच्या पिलांवरही केला. मानेची कातडी चिमटीत धरून पिलू उचलले की ते पाय पोटाशी घेऊन गप्प लोंबकळते. आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मांजरी पिल्ले तोंडात धरून जागा बदलते, तेव्हा तिची पिल्ले नेमकी अशीच मुटकुळे करून लटकलेली दिसतात. पिलाला आपण उचलले गेलो आहोत हे कळते ते दोन वाटांनी, त्वचेला होणाऱ्या स्पर्शातून आणि स्वतःच्या शरीराच्या हालचालीच्या जाणिवेतून. या संवेदना बोथट केल्या तेव्हा पिलू चुळबुळ करत राहिले आणि त्याला सुरक्षित जागी नेण्यास आईला जास्त वेळ लागला. म्हणजे गप्प होणे हे पिलाचे सहकार्य आहे. धोक्याच्या वेळी जे पिलू नेणाऱ्याला साथ देते, त्याची वाचण्याची शक्यता वाढते. माणसाच्या बाळातही ही साथ टिकून आहे, असे हे संशोधक मानतात.

माणसाचे बाळ हे मुळात वाहून न्यायचे बाळ आहे, याचा एक पुरावा आईच्या दुधात सापडतो. सशाची मादी पिल्ले बिळात झाकून निघून जाते आणि दिवसातून साधारण एकदाच, काही मिनिटे पाजते, म्हणून तिचे दूध प्रथिनांनी आणि चरबीने दाट असते. माणसाच्या दुधात प्रथिने जेमतेम 1 टक्क्याच्या आसपास असतात. इतक्या पातळ दुधावर वाढणाऱ्या पिलाला वारंवार पाजावे लागते आणि त्यासाठी आई जवळच असावी लागते. येऊरच्या जंगलात माकडीण झाडावरून उडी घेते तेव्हा पिलू तिच्या पोटाची लव घट्ट धरून राहते. आपल्या बाळाच्या तळहातावर बोट ठेवले की तेही मूठ आवळते, पण धरायला आपल्या अंगावर लव नाही, त्यामुळे धरण्याचे सारे काम मोठ्या माणसाच्या हातांकडे आले.

2022 मध्ये कुरोदा यांच्या गटाने पुढचा प्रश्न घेतला. शांत झालेले बाळ खाली ठेवताच पुन्हा का उठते? त्यांनी 21 बाळांच्या हृदयाचे ठोके क्षणाक्षणाला टिपले. रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटे चालल्यावर सगळी बाळे रडायची थांबली आणि भर दिवसा त्यांतील जवळजवळ निम्मी झोपी गेली. हलत्या पाळण्यानेही बाळे शांत झाली, म्हणजे आपल्या झोळीला आणि पाळण्याच्या दोरीला इथे चांगला आधार मिळतो. मात्र झोपलेल्या बाळांना खाली ठेवल्यावर एक तृतीयांशाहून अधिक बाळे वीस सेकंदांत जागी झाली. ठोक्यांच्या आलेखात खरी गडबड दिसली ती पाठ गादीला टेकण्याच्या आधी, आईच्या अंगापासून बाळाचे अंग सुटू लागते त्या क्षणी. ज्यांची झोप आधीच काही मिनिटे मुरली होती, ती बाळे उठण्याचे प्रमाण कमी होते. म्हणून पाच मिनिटे चालावे, झोप लागल्यावर बाळाला तसेच कुशीत घेऊन पाच ते आठ मिनिटे बसावे आणि मग खाली ठेवावे, असे त्यांनी सुचवले.

या अभ्यासातील एका बारीक निरीक्षणाने मला ओट्याजवळचे ते नववे पाऊल आठवले. आई चालता चालता वळली किंवा थांबली की बाळाच्या हृदयाचे ठोके वाढत, अगदी झोपेतसुद्धा. आठ पावलांच्या घरात दर काही सेकंदांनी वळणे येते. ठाणे आणि नवी मुंबईतील किती घरांत याहून लांब फेरी मारता येईल? बहिणीच्या मजल्यावरील लिफ्टपासून जिन्यापर्यंतचा पॅसेज सत्तावीस पावलांचा आहे. आम्ही बाळाला दुपट्यात गुंडाळून तिथे नेऊ लागलो.

आता "हाताची सवय लावू नका" या माझ्या आईच्या सांगण्याकडे वळतो, कारण ते अनुभवातून आलेले आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवे. कॅनडात हुन्झिकर आणि बार यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत काही पालकांना बाळाला, ते रडत नसतानाही, रोज अधिक वेळ घेऊन हिंडायला सांगितले. सहाव्या आठवड्यात त्या बाळांचे रडणे आणि किरकिर दुसऱ्या गटापेक्षा 43 टक्क्यांनी कमी होती. मात्र याच बार यांच्या गटाने पुढे अतिशय रडणाऱ्या, पोटशूळ म्हटल्या जाणाऱ्या बाळांवर हाच उपाय करून पाहिला, तेव्हा तसा लाभ दिसला नाही. त्यामुळे जास्त घेतल्याने रडणे हमखास कमी होते, असे म्हणता येत नाही. पण पहिल्या दोन-तीन महिन्यांत जवळ घेतल्यामुळे रडणे वाढते, ही भीती या आकड्यांना पाहता निराधार वाटते.

आणि उचलून घेण्याची ओढ आईबापांच्याही शरीरात असते. 2017 मध्ये 11 देशांतील 684 मातांच्या अभ्यासात असे दिसले की बाळ रडले की त्या प्रामुख्याने त्याला उचलून धरत आणि त्याच्याशी बोलत. पुरुषही यातून सुटलेले नाहीत. फिलिपिन्समधील सेबू येथे 624 तरुणांची काही वर्षांच्या अंतराने तपासणी करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. बाप झालेल्यांमधील टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक इतरांपेक्षा बरेच अधिक उतरलेले आढळले आणि जे बाप रोज तीन तास किंवा अधिक वेळ मुलाचे करत, त्यांच्यात ते सर्वांत कमी होते.

एवढे असूनही काही रात्री चालण्याचा काडीचाही उपयोग होत नाही. अशा वेळी डोके तापले, हात थरथरू लागले, तर बाळाला पाळण्यात उताणे ठेवून काही मिनिटे दुसऱ्या खोलीत जाणे हेच योग्य. रागाच्या भरात बाळाला गदागदा हलवल्याने त्याच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर झोपी जाणेही धोक्याचे आहे. गाडीत बाळ झोपते म्हणून मध्यरात्री पाम बीच मार्गावर फेऱ्या मारणारे पालक मला माहीत आहेत, त्यांची तळमळ समजते, पण तीन रात्री न झोपलेल्या माणसाने गाडी चालवू नये. ताप, उलट्या, दूध न पिणे किंवा रडण्याचा सूर एकाएकी बदलणे, यांपैकी काहीही दिसले तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

माझ्या मुक्कामाच्या शेवटच्या रात्री बहीण पॅसेजमध्ये एका लयीत चालली, मग आत येऊन खुर्चीत बसली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत आठ मिनिटे हलली नाही. नंतर तिने बाळाला अलगद पाळण्यात ठेवले, पण छातीवरचा हात काढला नाही. आईही उठून आली होती. आम्ही तिघे श्वास रोखून वीस सेकंद मोजत उभे होतो. बाळाने एकदा ओठ मुडपले, मूठ उघडली आणि मान वळवून झोपून गेले.