शाळा व्यवस्थापन समितीचं सदस्य व्हायचंय? पात्रता, निवड, कागदपत्रं आणि सही करण्याआधी वाचायच्या गोष्टी

पालकसभेची चिठ्ठी मुलाच्या दप्तरातून घरी येते आणि बऱ्याच घरांत ती दप्तरातच चुरगळून जाते. माझ्या घरीही पहिल्या वर्षी तेच झालं. पुढे दोन मुदती, म्हणजे चार वर्षं, मी आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत होते, त्यातली दोन वर्षं अध्यक्ष म्हणून. त्या काळात मला अनेक पालकांनी विचारलं, "ताई, यासाठी अर्ज कुठे करायचा? शिक्षणाची अट आहे का?" त्या सगळ्यांसाठी ही माहिती एका ठिकाणी लिहून ठेवते आहे.

ही समिती कोणत्या शाळेत असते

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २१ नुसार शासकीय, जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे. महाराष्ट्रात तिची रचना १७ जून २०१० च्या शासन निर्णयाने ठरली. २०१२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांतल्या समितीचं काम सल्ला देण्यापुरतं आहे आणि विकास आराखडा करण्याचं बंधनही तिच्यावर नाही. जिल्हा परिषदेच्या किंवा पालिकेच्या शाळेत मात्र समितीच्या शब्दाला वजन आहे.

खासगी विनाअनुदानित शाळेत ही समिती नसते. तिथल्या पालकांनी शुल्क नियमनाच्या २०११ च्या कायद्याखालचा पालक-शिक्षक संघ पाहावा. आणि संस्थेचे 'ट्रस्टी' हा अगदी वेगळा विषय आहे. ती नावं धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असतात, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत फेरफार अर्ज द्यावा लागतो, आणि पालक म्हणून त्या वाटेने आत जाता येत नाही. सामान्य पालकाला कायद्याने शाळेच्या कारभारात जी खुर्ची दिली आहे, ती व्यवस्थापन समितीतली.

कोण सदस्य होऊ शकतं

समिती १२ ते १६ जणांची असते. त्यातले ७५ टक्के पालक. उरलेल्या २५ टक्क्यांत तीन सारखे वाटे: स्थानिक प्राधिकरणाचे लोकप्रतिनिधी, शिक्षकांनी निवडलेले शिक्षक, आणि गावातले शिक्षणतज्ज्ञ किंवा बालविकासाची जाण असलेली व्यक्ती. १२ जणांची समिती धरली तर ९ पालक आणि बाकी तिन्ही वाट्यांचा एकेक. मुख्याध्यापक पदसिद्ध सदस्य सचिव असतात, ते या आकड्यात धरत नाहीत. शिवाय दोन विद्यार्थी असतात, त्यात किमान एक मुलगी. एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना शाळेतल्या त्यांच्या प्रमाणात जागा द्यायची असते. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालक सदस्यांमधूनच होतात, सरपंच किंवा नगरसेवक पालक नसतील तर त्यांना अध्यक्ष होता येत नाही. मुदत दोन वर्षांची.

पालक सदस्याची खरी अट एकच: तुमचं मूल त्या शाळेत शिकत असलं पाहिजे. शिक्षणाची अट कायद्यात नाही. सही न येणारी, अंगठा करणारी आईसुद्धा सदस्य होऊ शकते, अध्यक्षही होऊ शकते. मूल दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत गेलं की पालक म्हणून असलेलं सदस्यत्व संपतं.

पालक म्हणजे फक्त आई-वडील, असंही नाही. मूल ज्याच्या ताब्यात आहे आणि जो त्याचा सांभाळ करतो, तो कायद्याने पालकच. आमच्याकडे दिवाळीनंतर आई-बाप ऊसतोडीला जातात आणि पोरं आजीजवळ राहतात. अशा आजीला "तुम्ही पालक नाही" म्हणून पालकसभेतून उठवलेलं मी पाहिलंय. ते चूक होतं. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांसाठीची हंगामी वसतिगृहं याच समितीमार्फत चालतात, तेव्हा त्या आजीचं म्हणणं सगळ्यांत आधी ऐकायला हवं.

निवड कशी होते आणि काय कागदपत्रं लागतात

निवड पालकसभेत होते. सभेची तारीख लेखी कळवली जाते. सूचना तुमच्यापर्यंत आली नसेल तर शाळेत जाऊन आधीच्या समितीची मुदत कधी संपते ते विचारून घ्या. सभेत इच्छुकांची नावं पुढे येतात, एक जण सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो. एकमत झालं नाही तर हात वर करून किंवा चिठ्ठ्या टाकून मतदान घ्यायला सांगा. आधीच लिहून आणलेली यादी वाचून टाळ्या वाजवून घेण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तसं झालं तर तिथल्या तिथे उभं राहून "मलाही सदस्य व्हायचंय, माझं नाव लिहा" एवढं म्हणा. एकदा नाव पुकारलं गेलं की ते इतिवृत्तात लिहावंच लागतं.

छापील अर्ज नसतो आणि फी नसते. तरी सभेच्या आधी मुख्याध्यापकांना एक साधं पत्र देऊन ठेवलेलं बरं. मजकूर एवढाच पुरे:

"प्रति, मा. मुख्याध्यापक तथा सदस्य सचिव, शाळा व्यवस्थापन समिती. विषय: पालक सदस्य म्हणून निवडीस इच्छुक असल्याबाबत. माझा पाल्य आपल्या शाळेत इयत्ता … मध्ये शिकत आहे, जनरल रजिस्टर क्रमांक … . समितीच्या पुनर्रचनेच्या पालकसभेत माझ्या नावाचा विचार व्हावा आणि सभेची सूचना मला लेखी मिळावी, ही विनंती."

पत्राच्या दोन प्रती करा आणि एकीवर तारीख व सही घेऊन पोच जपून ठेवा. मुलाचा जनरल रजिस्टर क्रमांक शाळेतून किंवा निकालपत्रकावरून मिळतो. तुमचं आधार कार्ड आणि मोबाइल क्रमांक जवळ असू द्या. राखीव घटकातून नाव द्यायचं असेल तर जातीचा दाखला किंवा शाळेच्या नोंदीतला उल्लेख दाखवता येतो. कागदांचं खरं काम अध्यक्ष झाल्यावर पडतं. समितीचं बँक खातं अध्यक्ष आणि मुख्याध्यापकांच्या संयुक्त सहीने चालतं, त्यामुळे सही बदलण्यासाठी बँकेला ठरावाची प्रत, आधार, पॅन आणि फोटो द्यावे लागतात. पॅन कार्ड नाही म्हणून कित्येक बाया अध्यक्षपद नाकारतात. तेवढ्यासाठी मागे हटू नका, पॅन काढायला फार दिवस लागत नाहीत.

प्रोसिडिंगची वही

समितीची सभा महिन्यातून किमान एकदा व्हायला हवी. सभेत काय ठरलं ते प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे इतिवृत्ताच्या वहीत लिहायचं आणि ते लोकांना पाहायला मिळालं पाहिजे. माझ्या पहिल्या मुदतीत ही वही सहीसाठी घरी यायची. न झालेल्या सभेचं इतिवृत्त, खाली रांगेत आठ सह्या, नववी जागा माझ्यासाठी मोकळी. पहिल्यांदा मी सही केली आणि ती सही मला अजून सलते, कारण त्या पानावर मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती 'समाधानकारक' झाल्याचं लिहिलं होतं. दुसऱ्यांदा वही आली तेव्हा मी ती वाचून परत पाठवली आणि सांगितलं, सभा घ्या, मी येते.

त्या सभेला सातवीतली विद्यार्थी प्रतिनिधी आली होती. तिला काही बोलायचं आहे का विचारलं तर खूप वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "आम्ही जेवल्यावर पाणी पीत नाही." का, तर स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नव्हती. एक मुलगी आत गेली की दुसरी बाहेर दार ओढून धरायची, आणि ज्या दिवशी मैत्रीण गैरहजर असेल त्या दिवशी जायचंच नाही. आम्ही नऊ पालक महिनोन् महिने संरक्षक भिंतीवर चर्चा करत होतो आणि आमच्या पोरी दिवसभर तहानलेल्या होत्या. कडी, दोन बिजागऱ्या आणि सुताराची मजुरी मिळून आठशे रुपयेही लागले नाहीत.

म्हणून विद्यार्थी प्रतिनिधी नुसते पहिल्या नंबरची मुलं नसावीत, असं माझं ठाम मत आहे. एक तरी मूल मागच्या बाकावरचं असावं, वाडीवरून चालत येणारं असावं. विषयपत्रिकेत पहिला विषय 'मागील इतिवृत्त वाचून कायम करणे' हा असतो, दुसरा 'विद्यार्थी प्रतिनिधींचे म्हणणे' हा ठेवा. शेवटी ठेवला तर तोवर मुलं घरी गेलेली असतात. आणि मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत वहीत लिहायला लावा.

पैसा, आहार, आराखडा

'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेतून शाळेला संयुक्त अनुदान येतं, ते पटावर, म्हणजे मुलांच्या संख्येवर ठरतं: ३० पर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, हजारापर्यंत ७५,००० आणि त्यापुढे १ लाख. यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. आमची कडी त्यातूनच बसली. खर्चाची बिलं सभेत मागून घ्या. शाळेचा यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक, माहीत असेल तर पट, खोल्या, स्वच्छतागृहं यांची शाळेने भरलेली माहिती यू-डायसच्या संकेतस्थळावर कोणालाही दिसते. ती छापून सभेत न्या आणि प्रत्यक्ष शाळेशी ताडून पाहा.

पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी असं प्रमाण आहे, सहावी ते आठवीला १५०, ३० आणि ७५ ग्रॅम. शिजलेलं अन्न मुलांना वाढण्याआधी मोठ्यांनी चाखून नोंद करायची असते. महिन्यातून एखाद दिवस न सांगता जाऊन पंगतीत बसा. वाढणाऱ्या ताईंशी प्रेमाने बोला, तुटपुंज्या मानधनावर त्या रोज चुलीपुढे उभ्या असतात.

शाळा विकास आराखडा तीन वर्षांचा असतो आणि आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी तो तयार हवा, म्हणजे डिसेंबरअखेर. त्यात वर्गवार पट, लागणारे शिक्षक, खोल्या, साहित्य यांचा हिशेब येतो. शिक्षकांसाठी शिक्षण हक्क कायद्याचं परिशिष्ट उघडा: पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार. पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० आणि सहावी ते आठवीला २२० कामाचे दिवस. शिक्षक सतत दुसऱ्या कामाला जात असतील तर कलम २७ पाहा. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक काम त्यांना देता येत नाही. हे सांगायला शिक्षकांना स्वतःला अवघड जातं, समितीचा ठराव त्यांच्या बाजूने उभा राहू शकतो.

ऐकलं नाही तर

आधी समितीचा ठराव, सूचक आणि अनुमोदकाच्या नावासह. मग ठरावाची प्रत जोडून केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र, आवक क्रमांक टाकून पोच घेऊन. तरी हललं नाही तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. ती एकट्या पालकालाही करता येते, समितीत असण्याची गरज नाही. दोन्ही बाजूंना ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. नुसते कागद पाहायचे असतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, १० रुपये फी आणि ३० दिवसांची मुदत.

एका बाबतीत मात्र ठराव, सभा, चर्चा यांत एक दिवसही घालवू नका. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं पोक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. "गावात बभ्रा नको, समितीतच मिटवू" असं म्हणणारे भेटतात. ते मिटवण्याचा अधिकार समितीला नाही, अध्यक्षाला नाही, गावालाही नाही. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक शाळेच्या भिंतीवर मुलांच्या उंचीला दिसेल असा रंगवून घ्या. मारहाण आणि मानसिक छळ यांनाही शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे, शिक्षक कितीही जुने आणि मानाचे असोत.

मुदत संपताना शेवटच्या सभेत अपूर्ण ठरावांची यादी करून नव्या अध्यक्षांच्या हातात द्या, वहीच्या पानांच्या क्रमांकांसह. आमच्या यादीत तीन गोष्टी राहिल्या होत्या: भिंतीचा पडलेला कोपरा, पाचवीच्या वर्गातला गळका पत्रा, आणि चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या एका मुलासाठीचा रॅम्प. रॅम्पचा ठराव पान ४७ वर आहे. नव्या अध्यक्ष बाईंनी पहिल्याच सभेत तेच पान उघडलं.