कलेजी आणि पेटा दोन पिशव्यांत का देतो?

‘एकातच टाका हो, घरी एकत्रच करायचंय,’ असं काउंटरवर रोज ऐकतो. मग सोमवारी त्यातलेच काहीजण येतात : पेटा वातड निघाला, माल जुना होता का? माल ताजाच असतो. चूक होते ती दोन्ही एका वेळी कढईत टाकल्यामुळे.

कोंबडीला दात नसतात. खाल्लेला दाणा पेट्यात जातो आणि तिथे दळला जातो, म्हणून पेटा म्हणजे नुसता घट्ट स्नायू. तो शिजायला वेळ घेतोच. कलेजी मात्र पाच-सात मिनिटांत होते. दोन्ही एकत्र शिजवलंत तर पेटा मऊ होईपर्यंत कलेजी कोरडी, पिठूळ होऊन जाते; कलेजीकडे बघून गॅस बंद केलात तर पेटा चावत बसा.

म्हणून आधी पेट्याला आडव्या चिरा द्या. हळद, मीठ, थोडं पाणी घालून कुकरला चार-पाच शिट्ट्या काढा. गावरान कोंबडीचा असेल तर आणखी दोन-तीन. सोडा घालू नका, चव जाते. मग कांदा-खोबऱ्याचं वाटण परतून त्यात पेटा घाला आणि कलेजी अगदी शेवटी. कलेजीचा मोठा तुकडा मोडून बघा. आत लाल-गुलाबी राहायला नको, अर्धी कच्ची कलेजी पोट बिघडवते. पण गुलाबीपणा गेला की लगेच उतरवा.

‘साफ पेटा महाग का?’ हेही नेहमीचंच. पेटा मधोमध उघडला की आत दाणे, खडी आणि एक जाड पिवळी साल निघते. ती साल हाताने सोलावी लागते, त्यात वजनही घटतं. न सोललेला स्वस्तात देता येईल, पण साल राहिली तर भाजी कडवट लागते, आणि ते काम रविवारी सकाळी तुमच्या ओट्यावर येतं. कलेजीचंही तसंच. तिला हिरवी पित्ताची पिशवी चिकटलेली असते. ती आम्ही काढतोच, आणि फुटून डाग पडला असेल तर तेवढा भाग कापून टाकतो. तरी घरी हिरवट काही दिसलं तर धुवत बसू नका, कापा. कलेजीचा रंग कधी गडद, कधी फिकट असतो. नुसत्या रंगावरून शिळी ठरवू नका, वास घ्या. फ्रीजमध्ये एक दिवस, फार तर दोन.

कलेजीत अ जीवनसत्त्व भरपूर असतं, म्हणून गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारूनच खावी. युरिक ॲसिडचा त्रास असणाऱ्यांनीसुद्धा.

एका कोंबडीची कलेजी 40-50 ग्रॅम भरते. म्हणजे किलोभर हवी तर वीस-पंचवीस कोंबड्या कापल्या जायला हव्यात. रविवारी अकराला येऊन ‘दोन किलो द्या’ म्हणालात तर कुठून देणार? शनिवारी संध्याकाळपर्यंत सांगून ठेवा, बाजूला काढून ठेवतो. गटारीला मात्र दोन दिवस आधी.

सूपसाठी पायही मिळतात, नखं काढून, वरची पिवळी साल सोलून. मंद आचेवर तासभर उकळा. गार झाल्यावर रस्सा थिजला तर घाबरू नका, चांगल्या सूपचं तेच लक्षण. आणि गावरान तलंग (अजून अंडी न देणारी कोवळी कोंबडी) नव्हे, अंड्यावरची कोंबडी घेत असाल तर आधी सांगा. पोटातली कच्ची पिवळी अंडी वेगळी काढून देतो, त्याचे पैसे जादा नाहीत.