कॅथरीन बू यांची 'कादंबरी' कुठली?

मुंबईच्या झोपडपट्टीवरच्या इंग्रजी पुस्तकांचा विषय निघाला की हमखास अदलाबदल होते. 'शांताराम' ही म्हणे खरी आत्मकथा, आणि अमेरिकन पत्रकार कॅथरीन बू यांचं 'बिहाइंड द ब्युटिफुल फॉरएव्हर्स' ही कादंबरी! पुस्तकांच्या दुकानातही ते फिक्शनच्या कप्प्यात खोचलेलं पाहिलंय. वस्तुस्थिती नेमकी उलटी: 'शांताराम' कादंबरी, आणि बू यांचं पुस्तक म्हणजे खऱ्या माणसांवरची पत्रकारिता.

'शांताराम' तुम्ही वाचलेलंच असतं. त्याचे लेखक ग्रेगरी डेव्हिड रॉबर्ट्स ऑस्ट्रेलियातल्या तुरुंगातून पळाले, मुंबईत झोपडपट्टीत राहिले, एवढं खरं. पण पुस्तक कादंबरी आहे, हे ते स्वतःच सांगतात.

घोळ घालतो तो 'मी'. 'शांताराम'भर 'मी' आहे, म्हणून ते खरं वाटतं. बू मात्र मुख्य मजकुरात कुठेच नाहीत. प्रसंग, संवाद, पोरांच्या मनातलंसुद्धा थेट येतं. मग वाचक म्हणतो, भंगार वेचणाऱ्या पोराच्या मनातलं या बाईंना काय कळणार? उत्तर पुस्तकाच्या शेवटी असलेल्या लेखिकेच्या टिपेत आहे, आणि ती न वाचताच पुस्तक मिटून मतं ठोकणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. मुंबई विमानतळाजवळच्या अण्णावाडी या झोपडपट्टीत बू नोव्हेंबर 2007 ते मार्च 2011 दुभाषे घेऊन जात राहिल्या. एकच प्रसंग पुन्हा पुन्हा विचारला, चित्रित केला, ध्वनिमुद्रित केला. मनातलं म्हणून जे लिहिलंय, ते त्या माणसांनी त्यांना, दुभाष्यांना किंवा त्यांच्यादेखत इतरांना सांगितलेलं आहे. वर 3,000 हून जास्त सरकारी कागद, त्यातले बरेच माहितीच्या अधिकारात मिळवलेले. पेटवून घेतलेल्या एका बाईची दाखल होतानाची नोंद 35 टक्के भाजल्याची. मृत्यूनंतर कागदावर ती 95 टक्के झाली. कादंबरीत हे नाट्य म्हणून खपून जातं. पत्रकाराला त्यासाठी कागद दाखवावा लागतो.

ही सवय जुनीच. वॉशिंग्टन पोस्टमध्ये असताना मतिमंदांच्या निवासांमधली हेळसांड त्यांनी 1999 मध्ये उघड केली. पोस्टला त्यासाठी 2000 चं लोकसेवेचं पुलित्झर मिळालं. पुढे त्या न्यूयॉर्कर साप्ताहिकात लिहू लागल्या. अण्णावाडीच्या पुस्तकाला 2012 चा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला, तोही नॉनफिक्शनचा.

'शांताराम' खुशाल वाचा, मजा येते. फक्त मुंबईच्या झोपडपट्टीवर वाद घालताना त्याचे दाखले देऊ नका. आणि बू वाचायला घ्याल तेव्हा सुरुवात मागच्या टिपेपासून करा.