क्रॉलरला किती मोकळं सोडायचं?

विदर्भातल्या कितीतरी गावांत वाचनालयानं, शाळेनं, एखाद्या शेतकरी मंडळानं पंधरा-वीस वर्षांपूर्वी हौसेनं वेबसाईट काढली. पुण्याला शिकणारा गावातला पोरगा दिवाळीच्या सुट्टीत आला, त्यानं साईट उभी करून दिली, पहिल्या वर्षाचे पैसे कुणीतरी भरले. मग पोराला नोकरी लागली. डोमेनचं, म्हणजे साईटच्या पत्त्यातल्या नावाचं, नूतनीकरण करा म्हणून येणारे ईमेल कुणी उघडेना आणि एक दिवस साईट गेली. हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजायचं कारण नाही. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरनं २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ साली वेबवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती.

साईट जायच्या आधी तिची प्रत काढून ठेवणाऱ्या प्रोग्रामला क्रॉलर म्हणतात. त्याचं काम ऐकायला अगदी साधं आहे. सुरुवातीचा एक पत्ता द्यायचा. क्रॉलर ते पान उतरवतो, पानातल्या सगळ्या लिंका काढून रांगेत लावतो, रांगेतला पुढचा पत्ता घेतो, आधी येऊन गेलेला पत्ता दिसला तर सोडून देतो. रांग संपली की काम संपलं. सॅन फ्रान्सिस्कोतली इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून जगभरच्या साईटी अशा गोळा करते आहे. तिनं युरोपातल्या नॉर्डिक देशांच्या राष्ट्रीय ग्रंथालयांसोबत तयार केलेला हेरिट्रिक्स नावाचा क्रॉलर कुणालाही फुकट वापरता येतो. डब्ल्यूगेट आणि एचटीट्रॅक हे त्याहून हलके, जुन्या लॅपटॉपवरही निमूट चालतात. म्हणजे हत्यार मिळण्यात काही अडचण नाही. प्रत कशी निघेल हे ठरतं सेटिंगमध्ये, आणि तिथंच लोक वाचायचा कंटाळा करतात.

वर्धा जिल्ह्यातल्या एका वाचनालयाच्या ग्रंथपालांशी हे बोलत होतो तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, "भाऊ, सगळंच उतरवून घ्या ना! सोडता काहून?"

प्रश्न रास्त आहे. पण क्रॉलरला 'सगळं' म्हणजे काय ते कळत नाही. वाचनालयाच्या पानावर फेसबुकची लिंक असते, जिल्हा प्रशासनाच्या साईटची असते, साईट बनवणाऱ्या पोराच्या कंपनीचीही असते. मोकळं सोडलं तर क्रॉलर या लिंका धरून वाचनालयाच्या बाहेर पडेल आणि परत यायचा नाही. म्हणून पहिलं सेटिंग हद्दीचं: पत्ता वाचनालयाच्या डोमेनचा असेल तरच रांगेत घे. दुसरं सेटिंग खोलीचं: पहिल्या पानापासून किती लिंकांच्या अंतरापर्यंत जायचं. डब्ल्यूगेटला लिंका धरून जायला सांगितलं आणि खोली सांगितली नाही, तर तो पाच पायऱ्यांवर थांबतो. लहान साईटला पाच पुष्कळ होतात. मात्र जुन्या बातम्या 'मागील पान, मागील पान' अशा साखळीत ठेवल्या असतील तर सहाव्या पायरीवरची २००८ सालची वार्षिक सभा बाहेरच राहते, आणि ती राहिली हे सांगायला कुणी येत नाही.

हद्द आखली तरी रांग संपेलच याची खात्री नाही. वाचनालयाच्या साईटवर 'आगामी कार्यक्रम' म्हणून दिनदर्शिका आहे असं धरू. तिच्यात 'पुढचा महिना' असं बटण आहे. माणूस ते दोनदा दाबतो आणि सोडून देतो. क्रॉलर दाबतच राहतो, कारण दर महिन्याच्या पानाचा पत्ता नवा असतो आणि त्यावर पुन्हा 'पुढचा महिना' असतोच. शंभर वर्षांचे १,२०० महिने होतात. प्रत्येक तारखेलाही लिंक असेल तर आणखी ३६,५०० पानं, सगळी कोरी. खरी पानं तीनशे असलेल्या साईटवर क्रॉलर इसवी सन २१२४ च्या पोळ्यापर्यंत जाऊन पोचतो. या प्रकाराला क्रॉलरचा सापळा म्हणतात. दुसरा सापळा लपलेला असतो: काही साईटी प्रत्येक पाहुण्याला एक सत्र-क्रमांक देतात आणि तो पत्त्यातच चिकटवतात. पान तेच, पण क्रमांक बदलला की क्रॉलरच्या लेखी पत्ता नवा. यावर उपाय आहेत. दिनदर्शिकेचा पत्त्यातला तुकडा ओळखून तो वगळायचा नियम लिहिता येतो. सत्र-क्रमांक छाटून मग पत्त्यांची तुलना करायला सांगता येतं. एकच शब्द पत्त्यात पुन:पुन्हा येत असेल तर तो पत्ता टाकून देणारा नियम हेरिट्रिक्समध्ये तयारच मिळतो. मी तर आधी अर्धा तास क्रॉलर चालवून रांगेत काय साचतंय ते डोळ्यांनी बघावं या मताचा आहे. सापळा असेल तर तेवढ्यात दिसतो.

आता वेगाचं. वाचनालयाची साईट बहुधा स्वस्तातल्या सामायिक सर्व्हरवर असते, म्हणजे एकाच यंत्रावर शेकडो साईटी. क्रॉलरनं सेकंदाला वीस पानं मागितली तर वाचनालयाबरोबर शेजारच्या साईटीही अडखळतात, आणि सर्व्हर चालवणारा होस्टिंगवाला आपल्या इंटरनेट जोडणीलाच बंदी घालून मोकळा होतो. म्हणून दोन मागण्यांच्या मध्ये थांबायचं. हेरिट्रिक्सची यातली रीत मला फार आवडते. सर्व्हरनं उत्तर द्यायला जेवढा वेळ घेतला त्याच्या पाचपट वेळ तो थांबतो, मात्र कमीत कमी ३ सेकंद आणि जास्तीत जास्त ३०. सर्व्हर दमला की उत्तरं उशिरा येतात, आणि उत्तरं उशिरा आली की क्रॉलर आपोआप सावकाश होतो. सर्व्हर ४२९ किंवा ५०३ असा संकेतांक पाठवत असेल तर त्याचा अर्थ 'जरा दम धरा' असा असतो, आणि किती वेळ तेही तो कधी कधी सोबत सांगतो. ते ऐकणारा क्रॉलर निवडावा.

थांबण्याची किंमत हिशेबात धरावी लागते. पानं, फोटो, पीडीएफ मिळून १०,००० फायली असतील आणि प्रत्येकीमागे ३ सेकंद जाणार असतील, तर ३०,००० सेकंद होतात, म्हणजे ८ तास २० मिनिटं. रात्री नऊला सुरू केलं तर पहाटे पाच-साडेपाच. सरासरी फाईल २०० केबीची धरली तर एकूण २ जीबी. फोनच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्याचा दिवसाचा दीड जीबी मध्यरात्रीच्या आत संपू नये म्हणून एकूण आकाराची मर्यादाही घालता येते. आणि आपल्याकडे रात्रभरात वीज जाणार हे गृहीतच धरायचं. क्रॉलर मध्येच बंद पडला तर रांग कुठवर आली होती याची नोंद डिस्कवर हवी, नाहीतर सकाळी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. हेरिट्रिक्समध्ये ठरावीक वेळानं अशी नोंद घ्यायचं सेटिंग आहे. एचटीट्रॅकमध्ये अर्धवट राहिलेलं काम पुढं चालू करायचा पर्याय मिळतो.

क्रॉलरनं आपण कोण ते सांगावं, हाही शिष्टाचाराचाच भाग. प्रत्येक मागणीसोबत तो आपलं नाव पाठवतो. त्यात संपर्काचा पत्ता असला तर साईटवाल्याला रागावण्याआधी विचारता येतं. हेरिट्रिक्समध्ये हा पत्ता भरल्याशिवाय काम सुरूच होत नाही.

उलट बाजूनं साईटही क्रॉलरला काही सांगत असते. रोबोट्स.टीएक्सटी नावाची एक छोटी फाईल साईटच्या मुळाशी ठेवलेली असते: इथं या, तिथं येऊ नका. ही रीत मार्टिन कॉस्टर यांनी १९९४ मध्ये सुचवली आणि २०२२ मध्ये ती औपचारिक मानकात आली. ते कुलूप नव्हे, विनंती आहे. सभ्य क्रॉलर ती पाळतो. पण प्रत जपण्याच्या कामात तिचा एक विचित्र त्रास होतो. जूमला या साईट बांधायच्या प्रणालीच्या जुन्या आवृत्त्यांसोबत तयार रोबोट्स फाईल यायची आणि तिच्यात फोटोंचा फोल्डरच बंद असायचा. साईट बांधणाऱ्यानं ती कधी उघडून पाहिलेली नसते. फाईल तंतोतंत पाळली तर वाचनालयाचा सगळा मजकूर मिळतो, मात्र १९६० च्या सुमाराचे समारंभाचे फोटो एकही नाही. इथं साईटच्या मालकाची लेखी परवानगी घ्यावी आणि तेवढ्या साईटपुरतं ते सेटिंग सैल करावं. परवानगीशिवाय करू नये.

मराठी साईटींच्या बाबतीत मात्र सगळ्यात जास्त नुकसान होतं ते फॉन्टपायी, आणि परदेशी मार्गदर्शिकांत याबद्दल फारसं सापडत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे, पण आपल्या साईटींवर ती रुळायला बरीच वर्षं गेली. तोवर मराठी लिहायचं ते खास फॉन्टमध्ये. त्या फॉन्टनं इंग्रजी अक्षरांच्या आणि युरोपीय चिन्हांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असत. म्हणजे पानात साठवलेले असत ते रोमन अक्षरांचे क्रमांक. वाचकाला मराठी दिसायची ती फॉन्टच्या कृपेनं. फॉन्ट गेला की पानभर अगम्य चिन्हांची खिचडी उरते.

वाचकाकडे फॉन्ट नसेल म्हणून अनेक साईटी तो सर्व्हरवरूनच पाठवत. इंटरनेट एक्सप्लोररसाठी ईओटी नावाच्या प्रकारची फाईल असे आणि तिचा पत्ता पानाच्या सजावटीच्या नियमांत, म्हणजे सीएसएसमध्ये, लिहिलेला असे. आता क्रॉलरकडे पाहा. फक्त लिंका वाचणाऱ्या क्रॉलरला हा पत्ता दिसतच नाही, कारण ती लिंक नाही. डब्ल्यूगेटला सीएसएस वाचता येऊ लागलं ते २००९ च्या १.१२ आवृत्तीपासून. वाचणारा क्रॉलर असला तरी आपणच 'फक्त एचटीएमएल, जेपीजी आणि पीडीएफ घे' असा नियम लावला असेल तर फॉन्ट गळतो. आणि फॉन्टची फाईल दुसऱ्याच डोमेनवर असेल तर हद्दीच्या नियमात अडकते. म्हणून हद्दीला एक अपवाद जोडायचा: पान दिसण्यासाठी लागणारी वस्तू, मग ती चित्र असो, सीएसएस असो की फॉन्ट, बाहेरच्या डोमेनवर असली तरी घे, पण तिथून पुढं जाऊ नको. हेरिट्रिक्समध्ये ही सोय मुळातच आहे. डब्ल्यूगेटमध्ये ती वेगळी सांगावी लागते.

एवढं करूनही प्रकरण मिटत नाही. ईओटी फॉन्ट ठरावीक डोमेनलाच बांधता येत असे, म्हणजे दुसऱ्या पत्त्यावरून उघडला तर तो चालायचाच नाही. त्यात इंटरनेट एक्सप्लोररची मुख्य आवृत्ती २०२२ मध्ये निवृत्त झाली आणि आजचे ब्राउझर ईओटी वाचत नाहीत. तरीही फाईल घ्यावीच, कारण कोणता फॉन्ट होता याचा तो पुरावा आहे आणि त्यावरून मजकूर युनिकोडमध्ये आणणारं परिवर्तक साधन निवडता येतं. त्याच फॉन्टची साधी टीटीएफ फाईल कुणा जुन्या डीटीपीवाल्याच्या संगणकावर सापडली तर सोन्याहून पिवळं.

याच कारणासाठी प्रत डब्ल्यूएआरसी प्रकारात साठवावी. ब्राउझरमधून 'सेव्ह' केलं की पानातल्या लिंका बदलतात, कधी अक्षरांचं कोडिंगही बदलतं. डब्ल्यूएआरसीमध्ये सर्व्हरनं पाठवलेले बाइट जसेच्या तसे, सोबतचे हेडर (फाईलचा प्रकार वगैरे सांगणाऱ्या ओळी) आणि वेळ यांसह राहतात. २००९ पासून ते आंतरराष्ट्रीय मानक आहे, क्रमांक आयएसओ २८५००. खिचडी तर खिचडी, पण मुळातली खिचडी हाती असली की ती पुढं कधीतरी सोडवता येते.

काही गोष्टी क्रॉलरच्या हाती लागत नाहीत. सातबारा पाहायचा तर जिल्हा, तालुका, गाव निवडून गट क्रमांक टाकावा लागतो, चित्रातली अक्षरं ओळखावी लागतात. त्या पानाकडे जाणारी लिंक कुठंच नसते, म्हणून ते रांगेत येत नाही. खाली सरकवल्यावरच उमटणारी पानंही साध्या क्रॉलरला दिसत नाहीत, त्यांच्यासाठी ब्राउझरट्रिक्ससारखा खरा ब्राउझर चालवणारा क्रॉलर लागतो. आणि काही गोष्टी हाती लागत असूनही घेऊ नयेत. नाव, बँक खातं, मोबाईल नंबर असलेली लाभार्थ्यांची यादी कुणी चुकून साईटवर टाकली असेल तर ती वगळायचा नियम लिहावा. साईट गेल्यावर ती यादी जपून ठेवणारे आपणच ठरायला नको.

प्रत निघाल्यावर ती तपासायची तर आधी इंटरनेट बंद करावं. चालू असेल तर प्रतीत नसलेला फोटो कधी कधी गुपचूप मूळ साईटवरून येतो आणि प्रत पूर्ण आहे असं वाटतं.

एकदा प्रत काढून भागतही नाही. पऱ्हाटीची सगळी बोंडं एकदम फुटत नाहीत म्हणून वेचणी तीन-चारदा होते, तसंच हे. बातम्यांचं पान महिन्याला, बाकी साईट वर्षातून एक-दोनदा, अशा फेऱ्या ठेवल्या तरी लहान साईटला पुरे. न बदललेली फाईल पुन्हा साठवावी लागत नाही. फाईलच्या बाइटांवरून काढलेली छोटी खूण आधीच्या खुणेशी जुळली तर डब्ल्यूएआरसीमध्ये 'तीच आहे' एवढीच नोंद होते.

फेऱ्या आपोआप होऊ लागल्या की एक धोका असतो. डोमेनची मुदत संपून ते कुणी दुसऱ्यानं घेतलं, तर क्रॉलर नव्या मालकाच्या जुगाराच्या जाहिरातीही वाचनालयाच्या नावानं तितक्याच इमानदारीनं जमा करतो. त्यामुळे डोमेनची मुदत संपायची तारीख वेळापत्रकात लिहून ठेवावी, आणि त्या तारखेनंतरची फेरी कुणीतरी पहिलं पान उघडून पाहिल्यावरच सुरू करावी.