व्यावसायिक इंग्रजीचे शिक्षण, बेळगाव सीमाभागातील

कचेरी, कारखाना, पेढी किंवा कंपनी येथील पत्रव्यवहार, अहवाल, बैठका, दूरध्वनी आणि वाटाघाटी यांसाठी लागणारी इंग्रजी व ती शिकण्या-शिकविण्याची व्यवस्था. बोलण्यात ‘बिझनेस इंग्लिश’ हेच नाव रूढ आहे. प्रस्तुत नोंद कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यातल्या, मुख्यतः बेळगाव शहर, खानापूर आणि निपाणी या पट्ट्यातल्या मराठी भाषकांपुरती आहे. कारवार-हल्याळ व बीदर-भालकीकडील परिस्थिती काही बाबतींत निराळी. येथील मराठी विद्यार्थ्याची इंग्रजी ही बहुधा तिसरी भाषा असते. घरात मराठी, तलाठ्याच्या दप्तरापासून बसच्या पाटीपर्यंत कन्नड आणि नेमणुकीच्या पत्रात इंग्रजी, अशी वाटणी त्याला लहानपणापासून परिचित असते. हिंदी त्याला कोणी मुद्दाम शिकवत नाही, ती बाजारात येते.

उगम : व्यावसायिक इंग्रजी ही स्वतंत्र अध्ययनशाखा केव्हा झाली, याविषयी एकमत नाही. एका मतानुसार ती १९६० नंतर पुढे आलेल्या ‘विशिष्ट हेतूंसाठी इंग्रजी’ या चळवळीची शाखा होय. दुसरे मत तिची मुळे व्यापारी पत्रलेखनाच्या जुन्या मार्गदर्शिकांत शोधते. पहिल्या मताला पाठ्यपुस्तके व परीक्षा यांचा भक्कम आधार आहे; मात्र हिंदुस्थानातील कारकुनी इंग्रजी त्यापूर्वी शंभराहून अधिक वर्षे शिकवली जात होती, हे लक्षात घेता निदान या प्रदेशापुरते दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

स्थानिक आरंभाविषयीही असाच प्रश्न आहे. पेशवाईच्या अस्तानंतर १८१८ मध्ये हा मुलूख कंपनी सरकारकडे आला आणि १८३६ मध्ये धारवाडपासून वेगळा बेळगाव जिल्हा झाला. लंडन मिशनरी सोसायटीचे ठाणे बेळगावात १८२० मध्ये सुरू झाले होते. तिच्या इंग्रजी शाळेचा काळ साधारणतः १८३० च्या दशकाचा आरंभ मानला जातो आणि जिल्ह्यातील इंग्रजी शिक्षणाची सुरुवात बहुधा तेथूनच सांगितली जाते. सर्वसाधारण इंग्रजी शिक्षणाबाबत ते खरे असेलही. कामाची इंग्रजी मात्र शाळेपेक्षा कचेरीत अधिक शिकली गेली असावी. मुंबई इलाख्यातील कचेऱ्यांत बिनपगारी ‘उमेदवार’ ठेवण्याची रीत होती. हे उमेदवार मसुद्यांच्या नकला करीत, आवक-जावक बारनिशी (पत्रांची नोंदवही) सांभाळीत आणि जागा रिकामी होण्याची वाट पाहत. ठरावीक वाक्ये हजारदा उतरवून हातात बसत. व्याकरण मागाहून येई, किंवा येतही नसे. मिशनने आपल्या कामाचे अहवाल मागे ठेवले, उमेदवारांनी नाही. तारीख मिशनच्या बाजूने झुकते त्याचे हे एक कारण म्हणता येईल.

त्या काळी जिल्ह्याच्या खालच्या कारभारात आणि शाळांत मराठीचे, लेखनात मोडीचे, प्राबल्य होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिक्षण खात्यातील अधिकारी डेप्युटी चन्नबसप्पा आदींच्या प्रयत्नांनी कन्नड शाळांना बळ मिळाले. वरिष्ठ पत्रव्यवहार मात्र इंग्रजीतच राहिला. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये झाली. पुढे मॅट्रिक हीच कारकुनीची किल्ली ठरली. १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वे आणि गोकाक धबधब्याजवळची सूतगिरणी आल्यावर सरकारबाहेरही इंग्रजी जाणणाऱ्यांना जागा निर्माण झाल्या.

मायना आणि मसुदा : मराठी लिहिणाऱ्याला इंग्रजी सरकारी पत्र फारसे परके वाटले नसावे. मोडी पत्रव्यवहाराचे मायने काटेकोर होते. पदानुसार संबोधन, मग ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष’, मग हालहवाल, मग मूळ मुद्दा आणि शेवटी ‘बहुत काय लिहिणे’ किंवा अधिकाऱ्याकडून असल्यास ‘लेखनसीमा’. ही शिस्त हेमाडपंताने घालून दिली अशी परंपरा आहे. ती शब्दशः घेण्याचे कारण नाही, पण ही रीत यादवकाळापर्यंत मागे जात असणे शक्य आहे. इलाख्यातील इंग्रजी अर्जही ‘आय बेग टू स्टेट’ने उघडे आणि ‘युवर मोस्ट ओबीडिएंट सर्व्हंट’वर मिटे. एक मायना गेला, दुसरा आला.

या वारशाचा परिणाम आजही दिसतो. सीमाभागातून आलेल्या नवख्या कर्मचाऱ्याचा ईमेल पुष्कळदा हालहवालापासून सुरू होतो आणि मागणी शेवटच्या ओळीत असते. आजची व्यावसायिक इंग्रजी नेमके उलटे मागते : पहिल्या वाक्यात काय हवे व कधी, कारण नंतर. शिक्षकांचा सर्वाधिक वेळ व्याकरणापेक्षा हा क्रम फिरविण्यात जातो असे दिसते. ‘प्लीज डू द नीडफुल’ आणि ‘काइंडली रिव्हर्ट बॅक’ ही वाक्ये चूक की भारतीय इंग्रजीची स्वतंत्र रूढी, यावर वाद आहे. देशांतर्गत पत्रांत ती चालतात. परदेशी ग्राहकाला ‘नीडफुल’ म्हणजे नेमके काय करायचे ते कळत नाही, एवढा व्यावहारिक निकष पुरेसा आहे.

टंकलेखन संस्था : विसाव्या शतकात कामाच्या इंग्रजीचा खरा प्रसार टाइपिंग-शॉर्टहँडच्या वर्गांनी केला. पिटमनची लघुलिपी १८३७ ची. ‘ए एस डी एफ जी एफ’ बडवून झाले की मुलगा समास, विषयाची ओळ, संदर्भ क्रमांक, सहपत्रे आणि कार्बन प्रती यांकडे वळे. येथे इंग्रजी बोलावी लागत नसे. सबंध शिक्षण बोटांतून होई. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने वाक्यरचना दिली आणि टाइपरायटरने पत्राचा आकार. लेखी इंग्रजी बरी आणि बोलताना घसा कोरडा, ही सीमाभागाची जुनी तक्रार या घडणीतूनच आली असावी.

सीमाप्रश्न : १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळता, मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, त्या राज्याला १९७३ मध्ये कर्नाटक आणि शहराला २०१४ मध्ये बेळगावी हे नाव मिळाले. सरकारी नोकरीसाठी कन्नड अनिवार्य झाल्याने मराठी माध्यमातील अनेक तरुणांनी खासगी नोकरी, लष्कर, पुणे, कोल्हापूर आणि गोवा यांकडे मोर्चा वळवला, आणि खासगी नोकरीत इंग्रजीची गरज वाढली. शाळांतील भाषांविषयी नेमलेल्या गोकाक समितीच्या अहवालानंतर (१९८१) शाळांतील भाषाक्रमाचा वाद राज्यभर पेटला. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतूनच हवे हा राज्याचा १९९४ चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये अमान्य केला. त्याचा लाभ कन्नड वा मराठीपेक्षा इंग्रजी माध्यमालाच अधिक झाला. जाता जाता नोंदवावयाचे ते हे की, महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या सीमादाव्याची कागदपत्रे आणि युक्तिवाद दोन्ही बाजूंनी इंग्रजीतच आहेत, कारण राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार त्या न्यायालयाची भाषा तीच आहे.

भाषिक अडचणी : मराठी आणि कन्नड या भिन्न कुळांतल्या भाषा असल्या तरी शेजारामुळे त्यांचे वाक्यवळण पुष्कळ सारखे झाले आहे. दोहोंत क्रियापद शेवटी येते आणि इंग्रजीसारखी उपपदे नाहीत. त्यामुळे ‘अ’ आणि ‘द’ यांचा घोळ दोन्ही भाषकांत सारखाच. ‘आय ॲम नोइंग’, ‘वी आर हॅविंग टू मशीन्स’ यांसारखे प्रयोग काही जण बेळगावी बोलीतल्या ‘करूलालोय’ (करतो आहे) वळणाच्या रूपांशी जोडतात. हे प्रयोग दिल्लीपासून चेन्नईपर्यंत ऐकू येतात, तेव्हा त्यांचे श्रेय एकट्या सीमाभागाला देणे कठीण आहे. ‘ही इज देअर ओन्ली’ मागे ‘तिथेच’ मधला ‘च’ आहे, हे मात्र बहुतेकांना मान्य व्हावे.

याहून कामावर महाग पडणारी गोष्ट होकार-नकाराची. ग्राहकाने फोनवर ‘यू हॅवन्ट डिस्पॅच्ड इट?’ असे विचारले की मराठी माणूस ‘येस सर’ म्हणतो. त्याच्या मनात ‘हो, नाही पाठवलं’ असते. पलीकडचा मात्र या ‘येस’चा अर्थ लावत बसतो आणि कधीकधी माल निघाला असेच समजतो. यावर उपाय एकच शिकवला जातो : हो किंवा नाही यावर न थांबता पूर्ण वाक्य बोलावे, ‘वी विल डिस्पॅच इट ऑन मंडे’.

विनंतीचे रूपही फसवे आहे. ‘ड्रॉइंग पाठवावे’ यात मराठीत आर्जव आहे. त्याचे ‘यू शुड सेंड द ड्रॉइंग’ झाले की ते बजावणे होते. म्हणून ‘कुड यू’ आणि ‘वुड यू’ आधी घोटून घेतात. आदरार्थी बहुवचनामुळे ‘सर आर नॉट इन द ऑफिस’ ऐकू येते. वयाने मोठ्या अमेरिकन ग्राहकाला नुसते ‘मार्क’ म्हणणे येथील मुलांच्या जिभेवर येत नाही. ते ‘मार्क सर’ म्हणतात आणि मार्कलाही हळूहळू सवय होते. आकड्यांत लाख-कोटी आणि मिलियन यांचा, स्वल्पविरामाच्या जागेचा आणि तारखेतील दिवस-महिन्याच्या क्रमाचा गोंधळ टाळण्यासाठी महिना अक्षरांत लिहावा असा दंडक चांगल्या कार्यालयांत असतो.

कारखान्यातील इंग्रजी : बेळगावचा उद्यमबाग परिसर ओतकाम, यंत्रण आणि हायड्रॉलिक सुटे भाग यांसाठी ओळखला जातो. शॉपफ्लोअरवर मराठी, कन्नड आणि हिंदी मिसळून बोलतात. कागद मात्र इंग्रजी. कोटेशन, परचेस ऑर्डर, तपासणी अहवाल, डेबिट नोट या कागदांचा शब्दसंग्रह मर्यादित असतो आणि तो कामगारही चटकन उचलतो. ‘ब्लो होल’, ‘श्रिंकेज’, ‘कोल्ड शट’ हे ओतकामातले दोष दहावी नापास मोल्डरलाही (साचे घडवणाऱ्यालाही) इंग्रजी नावांनीच माहीत असतात.

कस लागतो तो ‘एट डी’ अहवालात. फोर्ड कंपनीने १९८७ च्या सुमारास रूढ केलेली ही आठ टप्प्यांची पद्धत वाहन उद्योगात सर्वत्र मागितली जाते. माल नाकारला गेला की पुरवठादाराने दोषाचे वर्णन, तातडीचा बंदोबस्त, मूळ कारण, कायमचा उपाय आणि पुनरावृत्ती टाळण्याची तजवीज क्रमाने लिहायची. नवखा इंजिनिअर मूळ कारणाच्या रकान्यात ‘ऑपरेटर नेग्लिजन्स’ लिहितो आणि अहवाल परत येतो. ग्राहकाला माणूस नको असतो, प्रक्रिया हवी असते : वाळूतील ओलावा का वाढला, तो कोणत्या पाळीत मोजला गेला नाही, मोजण्याची नोंद तक्त्यात का नव्हती. पाच वेळा ‘का’ विचारण्याची ही शिस्त इंग्रजीची कमी आणि विचाराची अधिक आहे. तरी ती शिकवली जाते इंग्रजीच्या तासाला.

हुक्केरी तालुक्यातील हत्तरगी येथे विमानांच्या सुट्या भागांचे विशेष आर्थिक क्षेत्र आहे. या उद्योगात देखभाल-दस्तऐवजांसाठी ‘सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’ ही नियंत्रित इंग्रजी जगभर वापरतात. तिचा पहिला आराखडा १९८० च्या दशकातील. तिच्यात एका शब्दाला शक्यतो एकच अर्थ, कृती सांगणाऱ्या वाक्याला २० शब्दांची आणि वर्णनपर वाक्याला २५ शब्दांची मर्यादा असते. अलंकारिक इंग्रजी म्हणजे चांगली इंग्रजी, या शालेय समजुतीला हा चांगला उतारा आहे. निर्यात करणाऱ्यांना याखेरीज ‘एफओबी’, ‘सीआयएफ’ यांसारख्या इनकोटर्म्स, म्हणजे मालाचा खर्च व जोखीम कोठपर्यंत कोणाची हे ठरविणाऱ्या संज्ञा, ठाऊक असाव्या लागतात. आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाने त्या प्रथम १९३६ मध्ये प्रसिद्ध केल्या आणि सध्याची आवृत्ती २०२० ची आहे.

संस्था व परीक्षा : जिल्ह्यात वाणिज्य आणि अभियांत्रिकी महाविद्यालये पुष्कळ आहेत. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ (१९९८) आणि राणी चन्नम्मा विद्यापीठ (२०१०) ही दोन्ही बेळगावातच आहेत. अभ्यासक्रमात ‘कम्युनिकेशन स्किल्स’चा विषय असतो, पण तो बहुधा गुणांपुरता. खरी तयारी शेवटच्या वर्षी कॅम्पस मुलाखतींच्या तोंडावर, टिळकवाडी वगैरे भागांतल्या खासगी वर्गांत होते. तेथे ‘स्वतःविषयी सांगा’ या प्रश्नाचे उत्तर इतके घोटून घेतात की मुलाखत घेणाऱ्याला सगळे उमेदवार एकाच घरचे वाटावेत.

आंतरराष्ट्रीय परीक्षांत केंब्रिजच्या बिझनेस परीक्षा आणि १९७९ पासूनची ‘टोइक’ प्रसिद्ध आहेत. युरोपीय भाषा-चौकटीच्या (२००१) ‘बी वन’, ‘बी टू’ या पायऱ्यांवर त्यांचे निकाल वाचले जातात. सीमाभागातील मालक सहसा त्यांची मागणी करीत नाहीत. परदेशी जाणारे विद्यार्थी व परिचारिका ‘आयल्ट्स’कडे वळतात, ती मात्र व्यवसायाची परीक्षा नव्हे. निपाणीच्या तंबाखू पेढ्यांत आणि शहापूर-वडगावच्या मागवाल्यांत व्यवहार अजून मराठी-कन्नडमध्ये होतो. इंग्रजी तेथे जीएसटीच्या बिलापुरती, आणि ते बहुधा घरातली शिकलेली मुलगी संगणकावर करते.